दावा कुठं टाकायचा?

माहेर पाथर्डी तालुक्यात, लग्न लागलं अंबाजोगाईला, संसार चाकणच्या भाड्याच्या खोलीत. काडीमोड घ्यायचा हे पक्कं होतं, पण दावा कुठं टाकायचा यावर घरात कुणाचंच एकमत होईना. मामा म्हणाले, लग्न लागलं तिथं. चुलते म्हणाले, नवरा राहतो तिथं. शेजारच्या काकूंनी तर सांगितलं, माहेरी वर्ष काढल्याशिवाय कोर्ट दारात उभं करत नाही.

नगरच्या वकीलबाईंनी भांडणाचं कारण आधी विचारलंच नाही. "लग्न कुठं लागलं? शेवटचे एकत्र कुठं नांदलात? आता कुठं राहता?" मी लग्नपत्रिका आणि आधार कार्ड पुढं ठेवलं. आधारवर पत्ता चाकणचाच, आणि मी तर आता माहेरी. माझ्या पोटात गोळा आला.

त्यांनी हिंदू विवाह कायद्याचं कलम 19 उघडलं. मामा बरोबर होते आणि चुलतेही. लग्नाचं ठिकाण, सामनेवाल्याचं राहण्याचं ठिकाण, दोघं शेवटची एकत्र राहिली ते ठिकाण, यातलं कुठलंही चालतं. शिवाय अर्जदार बायको असेल तर ती आज राहते तिथंही. ही सोय 1955 च्या कायद्यात नव्हती, 2003 च्या दुरुस्तीनं आली. त्याआधी प्रत्येक तारखेला एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, कडेवर लेकरू, आणि समोर सासरची सगळी माणसं! किती जणींनी त्यापायी दावाच टाकला नसेल.

काकूंचं वर्ष वेगळं निघालं. लग्नाला वर्ष झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्ज सहसा घेत नाहीत. माहेरी किती दिवस राहावं, याची अट मात्र नाही.  राहणं खरं असलं पाहिजे, एवढंच. त्यासाठी गावचा रहिवासी दाखला, रेशनकार्ड, मुलीचा झेडपी शाळेतला प्रवेश. घटस्फोटाऐवजी फसवून लावलेलं लग्न रद्द करायचं असलं तरी कोर्ट याच कलमानं ठरतं, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

"आणि नवऱ्यानं आधी तिकडं दावा टाकला तर?"

"मग तुमचा नंतरचा अर्ज तिकडं जातो. परत इकडं आणायला हायकोर्टात बदलीचा अर्ज."

दाखला मागाहून जोडायचं ठरवलं आणि वकीलपत्रावर तिथंच सही केली.