भट्टीतली स्पूल

चि. सानिका,


भाऊंच्या गाण्याच्या टेपची स्पूल दुरुस्तीवाल्याने आधी भट्टीत ठेवली, हे ऐकून तू फोनवर ओरडलीसच. पण त्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे.

टेप म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर चिकटद्रव्यात कालवून बसवलेली लोखंडाच्या ऑक्साइडची पूड. सत्तरच्या दशकात अनेक कंपन्यांनी या चिकटद्रव्यात पॉलियुरेथेन वापरलं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि काही वर्षांत चिकचिकीत होतं. अँपेक्सची ४५६ ही स्टुडिओंची लाडकी टेप यात सर्वांत बदनाम. भाऊंना कुणी अमेरिकेहून आणून दिलेली स्पूल नेमकी तीच. अशी टेप तशीच मशीनवर लावली तर आवाज वाचणाऱ्या हेडला चिकटते, किंचाळते आणि ज्या थरात गाणं आहे तोच खरवडून निघतो. सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास ठेवली की ओलावा निघतो आणि पुढचे काही आठवडे ती नीट वाजते. तेवढ्यात गाणं उतरवून घ्यायचं. गंमत म्हणजे या उपायाचं पेटंटही अँपेक्सनेच घेतलं!

सगळ्याच टेपना मात्र ही मात्रा चालत नाही. पन्नासच्या दशकातल्या अ‍ॅसिटेटच्या टेप उष्णतेने बिघडतात. ओळखायचं कसं? स्पूल उजेडासमोर धरायची: अ‍ॅसिटेट असेल तर गुंडाळलेल्या थरांतून उजेड झिरपतो, पॉलिएस्टर असेल तर काळीकुट्ट दिसते. जुन्या अ‍ॅसिटेटला बऱ्याचदा व्हिनेगरचा वासही येतो.

मशीनचं काम त्यामानाने सरळ. बेल्ट वितळून डांबर झाले होते, ते काढताना हात काळे झाले. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. हेडमधलं चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर मात्र लांबूनच चालू करून हळूहळू जवळ न्यायचा आणि तसाच लांब नेऊन मग बंद करायचा; हेडजवळ असताना बंद केला तर हेडमध्ये उलट जास्तच चुंबकत्व राहतं.

खरी कारागिरी पुढे असते. हेडचा कोन पुस्तकाप्रमाणे अचूक लावून भागत नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्या मशीनचं हेड तिरकं असेल, तर वाजवतानाही तेवढंच तिरकं लावावं लागतं, नाहीतर तंबोरा पांघरुणाखालून आल्यासारखा वाटतो. दुरुस्तीवाला कानाने ऐकत स्क्रू केसभर फिरवत होता.

तुझ्याजवळच्या कॅसेटींना हा चिकट रोग सहसा होत नाही, त्या ओव्हनमध्ये टाकू नकोस. भाऊंच्या गाण्याची फाईल वेगळी पाठवतोय.

तुझा,
मामा