बिअरच्या जत्रेला जाताना

दिवाळी अंकात, चकल्या-चिरोट्यांच्या शेजारी, बिअरचा विषय काढणारी ही बाई कोण, असा प्रश्न निदान निम्म्या वाचकांच्या मनात येईल. तो आधीच सोडवून टाकते. मी कॉलेजात मराठी शिकवते. वय सत्तेचाळीस. आषाढी-कार्तिकीचे उपास नेमाने करते, आणि आमच्या घरात सर्वांत कडक पेय म्हणजे सासूबाईंचा आल्याचा चहा. तरीही दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी इंग्लंडमध्ये केंब्रिजला, कॅम नदीच्या काठी जीझस ग्रीन नावाच्या मैदानावर भरणाऱ्या बिअरच्या जत्रेला जाऊन आले. धाकटा भाऊ तिथे नोकरीला असतो. त्याने नेले आणि मी गेले.

आता आपल्यापैकी पुष्कळांची मुले तिकडे असतात. उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावतात, राजवाडे आणि चर्चे दाखवून झाली की पुढे काय, असा पेच त्यांना पडतो. अशा वेळी एखादा मुलगा भीतभीत ‘आई, इथे एक बिअर फेस्टिव्हल असतो’ असे म्हणाला, तर त्याच्यावर एकदम डोळे वटारू नका. आधी माझे ऐकून घ्या.

ही जत्रा साध्या बिअरची नसते, ‘रिअल एल’ची असते. रिअल एल म्हणजे जिवंत बिअर. कारखान्यातून पिंप निघते तेव्हा तिच्यात यीस्ट जागेच असते, आणि पिंपातच ती दुसऱ्यांदा आंबते. तिच्यात बाहेरून वायू भरत नाहीत. पिंप जत्रेत आणून आडवे ठेवतात, वरच्या भोकात लाकडी खुंटी मारून कोंडलेला वायू हळूहळू जाऊ देतात, पुढून लाकडी हातोड्याने तोटी ठोकतात, आणि गाळ खाली बसेपर्यंत दिवस-दोन दिवस त्याला कुणी हात लावत नाही. एकदा पिंप चालू झाले की तीनेक दिवसांत संपवावे लागते, नाहीतर आंबट होते. ज्यांच्या घरी रोज विरजण लागते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दही किती वेळ गोड राहते आणि कोणत्या घटकेला हातचे जाते, हे आपल्या आज्यांना घड्याळाशिवाय कळत असे.

मधल्या काळात ही चीज बुडण्याच्या बेतात होती. १९६०नंतरच्या वर्षांत मोठमोठ्या कारखान्यांनी बिअर गाळून, तापवून, तिच्यातले यीस्ट मारून, वरून वायूचा दाब देऊन विकण्याचा धडाका लावला. ती टिकाऊ होती, वाहतुकीला सोयीची होती, सगळीकडे सारखी होती. फक्त जिवंत नव्हती. १९७१ साली चार इंग्रज तरुण आयर्लंडच्या केरी परगण्यात सुट्टीवर गेले होते. तिथल्या एका गुत्त्यात गप्पा मारता मारता त्यांनी या बिअरच्या बचावासाठी संघटना काढली. तिचे नाव ‘कॅम्रा’. आज तिचे सभासद लाखाच्या वर आहेत. केंब्रिजची जत्रा या संघटनेचीच, १९७४ पासूनची.

मी मराठीची बाई, त्यामुळे हे ऐकताना मला दुसरेच काही आठवत होते. आमच्याकडे ‘भाषा मरते आहे’ म्हणून परिसंवाद होतात. अध्यक्ष गहिवरतात, आभारप्रदर्शन होते, आणि चहाच्या वेळी सगळे इंग्रजीत बोलतात. या चौघांनी परिसंवाद भरवला नाही. जे जगावेसे वाटते ते चारचौघांनी मिळून, आवडीने, पैसे मोजून वापरायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. माझ्या वर्गात सध्या अकरा मुले आहेत. त्यांना मी कोणती तोटी ठोकून देते, हा प्रश्न त्या तंबूत माझ्या मनात आला आणि अजून गेलेला नाही.

असो. आता नवख्याला चार शब्द.

पहिली गोष्ट, उपाशीपोटी जाऊ नका. तिथे खायला मिळते. केंब्रिजला तर चीजचे मोठे दुकान मांडतात आणि लोक पाव-चीज घेऊन खुशाल गवतावर पथारी पसरतात. पण निघताना घरून वरणभात खाऊन निघालेले बरे. पाण्याची बाटली बरोबर असावी आणि दोन पेल्यांच्या मधे पाणी प्यावे. गाडी घरी ठेवावी.

दुसरी गोष्ट, वेळ. आठवड्यातला मधला दिवस आणि दुपार साधावी. संध्याकाळी ऑफिसे सुटली की आपल्या लोकलच्या फलाटाची आठवण होते. आणि शेवटच्या दिवशी गेलात तर ज्या पिंपाची कीर्ती ऐकून गेलात ते नेमके संपलेले असते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पेला. दारातच पैसे भरून काचेचा पेला घ्यायचा आणि दिवसभर तोच वापरायचा. त्यावर मापाच्या रेघा असतात: पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, अर्धा पाइंट, आणि एक-तृतीयांश पाइंट. नवख्याने या तिसऱ्या रेघेच्या वर जाऊ नये. १८९ मिलिलिटर होतात, म्हणजे आपले दोन-अडीच कटिंग. शेकडो पिंपे ओळीने मांडलेली असताना एकाच जातीने पोट भरण्यात मौज नाही. शिवाय रेघ आपल्यालाही धरून ठेवते.

चौथी गोष्ट, पिंपावरच्या पाटीवर टक्के लिहिलेले असतात ते वाचावेत. माइल्ड नावाची काळसर, सौम्य बिअर साधारण साडेतीन टक्क्यांची असते. बार्ली वाइन दहा टक्क्यांपर्यंत जाते. आता गणित करा. साडेतीन टक्क्यांचा अख्खा पाइंट घेतला तर पोटात वीसएक मिलिलिटर मद्यार्क जातो. दहा टक्क्यांच्या बिअरचा एक-तृतीयांश पेला घेतला तरी जवळजवळ तेवढाच जातो. दिसायला घोट लहान, पण कर्तृत्व सारखेच. म्हणून सौम्यापासून आरंभ करावा आणि जड, काळे, गोड असेल ते शेवटी एकदाच. आधीच ते घेतले तर जीभ पुढच्या कशाचीच दाद घेत नाही. जेवणाच्या आरंभी बासुंदी खाऊन मग कोशिंबिरीची चव पाहण्यासारखे ते होईल.

पाचवी गोष्ट, बर्फ मागू नये. ही बिअर बारा-तेरा अंशांवर देतात. हिवाळ्यात माठातले पाणी असते तितकी गार. फेसही बेताचाच. ‘ही कोमट आहे, हिचे बुडबुडे गेले आहेत,’ अशी तक्रार आपली मंडळी करतात. पण फार गार पदार्थाला चव नसते, हे फ्रीजमधून काढलेल्या श्रीखंडावरून आपल्याला ठाऊक आहेच.

सहावी गोष्ट शाकाहारी मंडळींसाठी. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तसे पिंपातले यीस्ट लवकर खाली बसावे म्हणून त्यात आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या अशाच पिशवीला लाखांनी किंमत येते, तिच्या गिऱ्हाइकांत मद्याचे कारखानदारही असतात. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी ‘अनफाइन्ड’ बिअर विचारावी. ती जरा गढूळ दिसते, पण मासा नसतो.

आणि विचारायला संकोचू नये. पिंपांमागे उभी असलेली माणसे बहुतेक स्वयंसेवक असतात. कुणी निवृत्त मास्तर, कुणी इंजिनिअर, रजा काढून आलेले. घोटभर चव मागितली तर आनंदाने देतात. एका गृहस्थांना मी ‘इंडिया पेल एल’मध्ये इंडिया कुठे आहे, असे विचारले. त्यांनी रांग थांबवून सांगितले की अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा कारखानदार ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून बिअर हिंदुस्थानात पाठवी, आणि पुढे बर्टनच्या कारखानदारांनी तो व्यापार हाती घेतला. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या त्या पिंपांचे नाव अजून इंग्लंडच्या पाट्यांवर आहे. रांगेतल्या कुणी कुरकुर केली नाही. उलट मागच्या आजीबाईंनी त्यात स्वतःची भर घातली.

एवढ्यात कुणाच्या हातून पेला पडून फुटला आणि सगळ्या तंबूने एकमुखाने आरोळी ठोकली. मी दचकले. भाऊ म्हणाला, “ही इथली रीत आहे, ताई. पेला फुटला की ओरडायचंच.”

हसू ओसरल्यावर आम्ही गवतावर बसलो. शेजारी एक कुटुंब होते. आजोबांच्या हातात पेला, नातू त्यांच्या पायाशी चेंडू खेळत होता. आजोबा पेल्यातला रंग उन्हाकडे धरून मुलाला आणि सुनेला दाखवत होते. भाऊ बराच वेळ तिकडे पाहत राहिला. मग एकदम म्हणाला, “ताई, काकांचा पेला आठवतो?”

आमच्या घरात हा विषय त्यापूर्वी कधीच निघाला नव्हता. काका माडीवरच्या खोलीत, दार लावून, स्टीलच्या पेल्यातून पीत. स्टीलचा अशासाठी की आतला रंग दिसू नये. खाली येताना तोंडात वेलदोडा असे. आम्हां मुलांना ‘काका काम करताहेत’ असे सांगितले जाई, आणि आम्ही जिन्यावर दबकून चालत असू. आजही वेलदोड्याचा वास आला की माझी पावले हलकी पडतात. बावन्नाव्या वर्षी काका यकृताच्या दुखण्याने गेले. दुखण्याचे कारणही घरात कुणी उच्चारले नाही.

“त्यांच्याबरोबर कुणी कधी बसलंच नाही गं,” भाऊ म्हणाला.

“बसलं असतं तर जगले असते, असं नाही,” मी म्हणाले. “इथेही पिऊन मरतातच माणसं.”

“मरतात. पण निदान कुणीतरी म्हटलं असतं, की आता पुरे.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. दारू चांगली असे मी म्हणत नाही, कुणी माझ्या तोंडी ते घालूही नये. आमच्याकडे १९४९चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे, आणि प्यायला परवाना लागतो. पण कायद्याहून मोठे दार आम्ही घरात लावले होते. त्या दाराच्या आत मापाची रेघ नव्हती, पोटात अन्न नव्हते, शेजारी माणूस नव्हते. स्वयंपाकघरात आम्ही सगळे जागे असू आणि माडीवर ते एकटे.

म्हणून शेवटचा सल्ला. आपल्याला प्यायचे नसेल तर पिऊ नये. कुणी आग्रह करत नाही, तिथे सरबतेही असतात, आणि नुसते गवतावर बसून चीज खाणारेही पुष्कळ दिसतात. पण मुलाने बोलावले तर जावे. त्याचा पेला आपल्या डोळ्यांसमोर असावा, आणि आपण त्याच्या शेजारी असावे. काय चव आहे रे, असे विचारावे. ज्या मुलाला आईला चव सांगता येते, त्याला कधी काळी त्रास होऊ लागला तर तोही सांगता येईल, अशी माझी आपली आशा आहे.

मी त्या दिवशी तीन वेळा त्या लहान रेघेपर्यंत घेतले. माइल्ड आवडली, भाजलेल्या नाचणीसारखी लागली. दुसरी फार कडू होती. तिसरीचे नाव विसरले.

पेला परत देऊन पैसे घेता येत होते, पण मी तो बॅगेत साड्यांच्या घडीत गुंडाळून आणला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. गेल्या वर्षी काकू चार दिवस राहायला आल्या. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. फळीकडे बघून म्हणाल्या, “हे काय गं?”

“बिअरचा पेला आहे, काकू,” मी म्हणाले.

त्यांनी तो खाली काढायला लावला. चष्मा वर करून रेघा पाहिल्या, त्यांवरून बोट फिरवले. “याला मापं असतात होय,” म्हणाल्या. थोडा वेळ गप्प बसल्या. मग पेला माझ्यापुढे करून म्हणाल्या, “मला यातच दे आज ताक. अर्ध्या रेघेपर्यंत.”