उजव्या हाताला पाणी

बेत सांगितला तेव्हा आई फोनवर आधी हसली, मग म्हणाली, "तळ्याभोवती फिराक सात दिस? खुळावलंस काय रे?"

तिचंही खरंच. वेंगुर्ल्याच्या माणसासाठी पाणी दोन प्रकारचं: एक समुद्र आणि दुसरं धामापूरसारखं तळं, देवीचं दर्शन घेऊन काठावर घटकाभर टेकावं असं. लेक सुपीरियर या दोन्हींत बसत नाही. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा कोकण विभाग त्यात अडीच वेळा मावेल. काठाकाठाने फिरायचं तर दोन हजार किलोमीटरांच्या वर गाडी हाकावी लागते. मिनियापोलिसला बारा वर्षं राहूनही मी डुलुथच्या पुढे कधी गेलो नव्हतो. या सप्टेंबरात मुलगी कॉलेजच्या वसतिगृहात गेली, बायको माहेरी होती, आणि घर फार शांत झालं होतं.

घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचं हे आधीच ठरवलं. इकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे असं निघालं की पाणी कायम आपल्याच कडेला राहतं, मध्ये समोरून येणारी रांग नसते. प्रदक्षिणाही तशीच घालतात, हे मात्र थंडर बेच्या अलीकडे कुठेतरी लक्षात आलं. एकट्याला गाडीत असले शोध फार लागतात.

पहिल्या दिवशी डुलुथ सोडल्यावर एका गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरलो. लाटा, क्षितिज, समुद्रपक्षी, सगळं जागच्या जागी. तरी काहीतरी चुकत होतं. थोड्या वेळाने कळलं, वास नव्हता. ना खाऱ्या वाऱ्याचा, ना सुकटीचा, ना शेवाळाचा. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. दात ठणकले एवढं गार, आणि चव विहिरीच्या पाण्यासारखी. भरती-ओहोटीही नावापुरतीच, जेमतेम काही सेंटिमीटरांची. डोळे म्हणत होते समुद्र, नाक-जीभ मानायला तयार नव्हती. हे भांडण आठवडाभर चाललं.

सीमेवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, एकटेच? मी हो म्हणालो. कशासाठी? तळं बघायला. त्याने पासपोर्ट परत दिला, तेव्हा तोही बहुधा आईसारखंच मनात काहीतरी म्हणाला असावा.

ऑन्टॅरिओतला रस्ता मला सगळ्यात आवडला आणि सगळ्यात एकटाही तिथेच वाटलो. मॅरेथॉन ते अगावा हा टप्पा १९६० साली पुरा झाला, त्याआधी गाडीने हा काठ गाठताच येत नसे. रस्ता झाल्याच्या आनंदात वावा गावाने फाट्यावर अवाढव्य हंस उभा केला. आजही तिथे थांबून सगळे फोटो काढतात. मीही काढला, पण फोटोत हंसच आहे. माझा काढायला कुणी नव्हतं.

वावाच्या दक्षिणेला अगावाचा कडा आहे. पाण्यालगतच्या उतरत्या खडकावरून, साखळी धरून, एकेक पाऊल टाकत जायचं. कड्यावर गेरूने काढलेली ओजिब्वे लोकांची चित्रं आहेत: होड्या, आणि शिंगं असलेला, पाठीवर काटे असलेला मिशिपेशू, पाण्यातला वाघच म्हणा. तो चिडला की वादळ होतं. म्हणून पाण्याला तंबाखू वाहायची रीत. ते वाचलं आणि मला नारळी पौर्णिमा आठवली, बंदरावर गर्दीतून नारळ पाण्यात टाकणारे वडील आठवले. ओजिब्वे लोक लेक सुपीरियरला गिचीगामी म्हणतात, मोठं पाणी. तळं हे नाव फ्रेंचांनी दिलेलं. माझ्या नाका-जिभेने फ्रेंचांची बाजू घेतली होती.

सू सेंट मरीला परत अमेरिकेत आलो आणि व्हाइटफिश पॉइंटला गेलो. तिथल्या संग्रहालयात एडमंड फिट्झजेराल्डची घंटा आहे. हे २२२ मीटर लांबीचं, लोहखनिजाने भरलेलं जहाज १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात इथून थोड्याच अंतरावर बुडालं. २९ माणसं गेली. १९९५ साली घंटा वर काढली. माणसं खालीच आहेत, दीडशेहून अधिक मीटर खोल. पाणी इतकं थंड, की मृतदेह कुजवणारे जंतू वाढत नाहीत, वायू धरत नाही, देह वर येत नाही.

आमच्याकडे म्हणतात, समुद्र कुणाचं ठेवून घेत नाही. धाकटे काका होडीवरून गेले, तेव्हा तिसऱ्या दिवशी शिरोड्याच्या किनाऱ्यावर मिळाले. आजी म्हणाली होती, दर्याने परत तरी दिला. त्या वेळी मला ते वाक्य भयंकर वाटलं होतं. घंटेसमोर उभं राहून मी ते पुन्हा मनात म्हटलं, आणि मग बराच वेळ बाहेर वाळूवर जाऊन बसलो.

पुढचे दोन दिवस झरझर गेले. पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे पावसात पाहिले, म्हणजे पाहिलेच नाहीत. मिशिगनच्या या भागात तांब्याच्या खाणींवर आलेल्या कॉर्निश कामगारांनी आणलेली पॅस्टी मिळते. बटाट्या-सलगमचं सारण भरलेली, तळहाताहून मोठी करंजीच. दोन खाल्ल्या, तिसरी बांधून घेतली.

डुलुथला संध्याकाळी पोचलो तेव्हा एक मालवाहू जहाज बाहेर पडत होतं. उचलपुलाचा अख्खा रस्ता आडवाच्या आडवा वर चढला. जहाजाने भोंगा दिला, पुलाने आपल्या भोंग्याने उत्तर दिलं. धक्क्यावरची पोरं हात हलवत होती. फोन वाजला. आई होती.

"पोचलंस? मगे, तळा कसा होता?"

मी फोन उंच धरला, तिला भोंगा ऐकू जावा म्हणून.