पैसे बिजागरीचे

डोंबिवली, २२ जून २०२५

प्रिय मंजू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. डिसेंबरात येताना ओजससाठी मॅकबुक एअर आणतेस म्हणालीस, वर "इथे स्वस्त पडतो" अशी फोडणीही दिलीस. आधी तो हिशेब करू. तुमच्याकडे ९९९ डॉलर, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर. डॉलर ८६ रुपयांचा धरला तर झाले ९१,६००. इथे छापील किंमत ९९,९००, पण विद्यार्थ्यांना तोच ८९,९०० ला मिळतो. कस्टमवाले एक लॅपटॉप बिनशुल्क सोडतात हे खरं, पण वाचलं काय?

मुळात एवढे पैसे घालायचे का, यावरून आमच्या घरी रोज जुंपते. ह्यांचं म्हणणं, ५० हजारांत १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी मिळत असताना दुप्पट कशाला मोजायचे? कागदावर त्यांचं चूक नाही. जाहिरातीत छापतात त्या आकड्यांत स्वस्त लॅपटॉप मागे नसतोच गं. काटकसर करतात ती छापत नाहीत तिथे.

माझा जुना लॅपटॉप आठवतो ना, झाकण उघडताना कुरकुरणारा? स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याने तो माझ्यासमोर उघडला. बिजागरीचे स्क्रू ज्यात बसतात ते पितळेचे चिमुकले नट नुसत्या प्लास्टिकच्या खुंट्यांत गरम करून दाबलेले असतात. बिजागरी घट्ट, त्यामुळे झाकण उघडताना सगळा ताण त्या खुंट्यांवर. एक दिवस खुंटी फुटते, नट स्क्रूसकट उपटून येतो आणि लॅपटॉप कोपऱ्यातून पिकल्या फणसासारखा उकलतो. "मॅडम, बोर्ड ठणठणीत आहे. ॲराल्डाइट भरून देतो, पण गॅरंटी नाही," म्हणाला. म्हणजे आतलं सगळं धडधाकट आणि मेला तो डबा! एअरसारख्या धातूच्या बॉडीत हीच बिजागरी थेट धातूत कसलेली असते. जास्तीचे पैसे जातात ते अशा ठिकाणी. टचपॅडवर जातात, स्क्रीनवर जातात. स्वस्तातल्या पुष्कळ स्क्रीन २५० निट्सच्या. गॅलरीत प्रुफं वाचायला बसलं की अक्षरांऐवजी आपलंच थोबाड दिसतं. एअरची ५०० निट्सची आहे. दिवसभर डोळे फोडणाऱ्या माझ्यासारखीला हा फरक पैसे मोजण्याजोगा वाटतो.

पण महाग ते टिकाऊच, हे तुझं म्हणणं काही मला पटत नाही. २०१५ साली आलेला ॲपलचाच बटरफ्लाय कीबोर्ड आठव. धुळीच्या कणानं बटणं अडायची. २०१८ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला खटला मिटवायला ५ कोटी डॉलर कबूल करावे लागले. आणि स्टोरेजचा भाव म्हणजे तर शुद्ध लूट! २५६ जीबीच्या जागी ५१२ हवी, तर २० हजार जास्त. रॅम काय, स्टोरेज काय, सगळं आतच डकवलेलं. मागाहून वाढवायची सोय नाही, मग गिऱ्हाईक जाईल कुठे?

शिवाय ओजस मेकॅनिकलच घ्यायचं म्हणतोय आणि सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही. तिथेच तुझा एअर बाद झाला, रागावू नकोस.

माझ्या डोक्यात आहे तो कंपन्यांनी वापरून काढलेला थिंकपॅड. टी४८० हे २०१८ चं मॉडेल बघ: रॅमचे दोन स्लॉट, एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून काढता येणारी. नवा असताना महागातलाच होता, आता नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षाही कमी पैशांत येतो. प्रोसेसर मात्र आठव्या पिढीचा आहे ना, ते पाहून घ्यायचं. त्याआधीच्याला विंडोज ११ रीतसर मिळत नाही, आणि १० चा सपोर्ट येत्या ऑक्टोबरात संपतोय. जड थ्री-डी कामाला तो धापा टाकेल, पण पहिल्या वर्षाला पुष्कळ झाला.

शनिवारी ओजसला घेऊन लॅमिंग्टन रोडला जातेय. बॅटरी रिपोर्ट कसा काढायचा ते त्यानं शिकून ठेवलंय, घासाघीस माझ्याकडे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, तेव्हा ग्रुपवर काही टाकू नकोस. आणि तिकीट नक्की झालं की तारीख कळव.

तुझी,
वसुधा