वरची पणती

दिवाळीच्या तोंडावर चिरनेरला पणत्या घ्यायला गेलो, तेव्हा मन आंबून गेले होते. मित्राला उसने दिलेले पैसे परत येत नव्हते आणि रात्री झोपही.

कुंभारणीने बारा पणत्या मोजल्या, तेरावी आपणहून घातली.

“ही कशाची?”

“वरची हो, दादा!” म्हणून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलीसुद्धा!

मी जन्माने ख्रिस्ती. दान गुपचूप करावे, हे डोंगरावरील प्रवचन लहानपणापासून पाठ; पण गुपचूप म्हणजे स्वतःलाही नकळत, हे ध्यानात आले नव्हते. १८९५ साली ख्रिस्ती झालेले ना. वा. टिळक असेच हातचे देऊन मोकळे होत. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त सांगितलेले ते किस्से शिकवताना वर्गाबरोबर मीही हसत आलो. आणि घरी मनात व्याज मोजीत होतो!

मित्राला लिहिले, “दिवाळीला ये. पैशांचे नाव काढू नकोस.” तो काही आला नाही. झोप मात्र आली.