नावात मांस, पोटात मनुका

लेक शिकायला इंग्लंडला गेली आणि आमच्या घरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश कपाटातून निघून स्वयंपाकघरातल्या फळीवर येऊन बसला. तिचे फोन अभ्यासाबद्दल कमी आणि डब्यांवरच्या लेबलांबद्दल जास्त. नाताळच्या सुमारास असाच एक फोन आला. "आई, खोलीतली मैत्रीण मिन्स पाय खा म्हणतेय. आत मिन्समीट भरलंय, पण ती म्हणते यात मीट नाहीच, नुसत्या मनुका आणि सफरचंद आहे. खाऊ का गं?"

प्रश्न एका घासाचा होता, पण त्यात दोन गोष्टी अडकल्या होत्या. एक, घरून नेलेला नियम. दुसरी, परक्या देशात प्रेमानं पुढे केलेली बशी. विनाकारण नको म्हटलं तर मैत्रिणीवर अविश्वास दाखवल्यासारखं. आणि हो म्हणावं, तर नावातच मीट!

शब्दकोश उघडला आणि पहिलाच धक्का बसला. इंग्रजीत 'मीट' म्हणजे मुळात मांस नव्हतंच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता अन्न, जे जे खायचं ते सगळं. प्यायचं ते 'ड्रिंक', खायचं ते 'मीट'. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात 'मीट ऑफरिंग' असा शब्द आहे, आणि तो नैवेद्य आहे पिठाचा आणि तेलाचा! पुढे अर्थ आकसत आकसत मांसापुरता उरला. पण जुना अर्थ काही जोडशब्दांच्या कोपऱ्यात तसाच राहून गेला. 'स्वीटमीट' म्हणजे गोड खाऊ, आपली मिठाई. पाककृतीत 'कोकोनट मीट' लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, तो नारळाचा गर आहे.

असं आपल्याकडेही झालंच आहे. संस्कृतात 'मृग' म्हणजे कुठलाही वन्य पशू. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात, तो काही हरणांपुरता राजा नव्हे. आज मराठीत मृग म्हटलं की हरीणच डोळ्यांपुढे येतं. गंमत पाहा, हरणाचा इंग्रजी शब्द 'डिअर' हाही पूर्वी कुठल्याही प्राण्याला चालायचा. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि शब्द आकसून थांबले ते एकाच हरणापाशी!

आता मिन्समीटकडे येऊ. यात मात्र मीटचा दोन्हीकडून हात आहे. जुन्या काळी या सारणात खरोखरच बारीक चिरलेलं मांस असायचं, सोबत सुकामेवा आणि मसाले. काळाच्या ओघात मांस गळालं, गोडवा वाढला, नाव तेच राहिलं. पण एक गोष्ट मागे रेंगाळली, ती म्हणजे 'सूएट'. गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची ही घट्ट चरबी. आज कितीतरी बरण्यांत तिच्याऐवजी वनस्पती तेलापासून केलेली चरबी असते, पण सगळ्याच बरण्यांत नाही. म्हणजे मैत्रीण खरं बोलत होती, आणि तरीही उत्तर तिच्याकडे नव्हतं. ते बरणीच्या मागच्या बारीक अक्षरांत होतं. मी लेकीला म्हटलं, "तिला सरळ सांग, तुझ्यावर विश्वास आहे, फक्त बरणी बघू दे." दोघींनी मिळून वाचलं. गाईची चरबी निघाली. त्या मुलीला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली म्हणे, "मी लहानपणापासून खातेय, कधी मागची बाजू बघितलीच नाही."

या निमित्तानं मला उलट्या बाजूचे शब्दही सापडले, आणि खरं सावध राहायचं ते यांच्यापासून. 'स्वीटमीट' मिठाई, तर 'स्वीटब्रेड' नक्की गोड पाव असेल ना? नाही. ती वासराची किंवा कोकराची ग्रंथी असते, शिजवून खायची. पाव नाही आणि गोडही नाही. 'मार्शमॅलो' हे तर चक्क एका वनस्पतीचं नाव. दलदलीत वाढणाऱ्या त्या झाडाच्या मुळापासून पूर्वी ही मिठाई करत. आता झाड गेलं, नाव राहिलं, आणि आत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ. शिवाय 'एगप्लांट'. यात अंडं नाही. युरोपात पूर्वी पांढरी, अंड्याएवढी वांगी यायची म्हणून हे नाव पडलं. अंड्याच्या आरोपातून वांगं सुटलं, पण बहुबीज म्हणून आपल्यातल्या अनेक घरांत ते तरीही ताटात येत नाही, ते वेगळं!

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो एका इतिहासानं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे, गुरं राखणारे इंग्रजी बोलणारे. गोठ्यातल्या जनावरांची नावं इंग्रजी राहिली: काऊ, शीप, पिग. ताटातल्या मांसाची नावं फ्रेंचमधून आली: बीफ, मटन, पोर्क. खुद्द फ्रेंचमध्ये मात्र मेंढीला आणि तिच्या मांसाला एकच शब्द आहे. इंग्रजीत शतकानुशतकं वापरून या दोन नावांमध्ये पडदाच पडला. जिवंत होतं तेव्हाचं नाव ताटापर्यंत पोचतच नाही. आपणही तो पडदा उचलून मराठीत आणला. बाजारात 'मटण' म्हणतात, बकऱ्याचं नाव कोणी घेत नाही.

कुणी काय खावं हे सांगायला मी हे लिहीत नाही. पण ज्यांना आपल्या घासामागे कोणाचा जीव आहे का हे पाहायचं असतं, त्यांनी शब्दावर विसंबू नये. शब्द खोटं बोलत नाहीत, ते फक्त जुने होतात. कधी त्यांच्यातलं मांस निघून जातं आणि नाव भीती घालत राहतं. कधी झाड निघून जातं आणि नाव दिलासा देत राहतं.

आपल्या देशात पाकिटावर हिरवी खूण असते, ती आधी बघावी. परदेशात मुलं असतील तर त्यांना तीन शब्द नक्की पाठ करायला सांगा: सूएट, जिलेटिन आणि लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. आणि चौथी गोष्ट पाठ करून येत नाही, ती घरातच शिकवावी लागते. विचारताना आवाजात संशय नको, आणि नको म्हणताना चेहऱ्यावर तुच्छता नको. समोरच्यानं बशी पुढे केली ती प्रेमानं. तिच्यात काय आहे हे कदाचित त्यालाही आपल्यासोबतच कळणार असतं.