काळा पडदा

लिनक्सविषयी बोलू लागले की बहुतेक जण फिनलंडपासून सुरुवात करतात. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून संगणकप्रणालीचा गाभा लिहायला घेतला, तो सर्वांना खुला केला आणि जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली, ही कथा आहेच मोठी सुरस. पण आमच्या घरी लिनक्स आले ते या कथेमुळे नव्हे, काटकसरीपोटी आले.

आईने बचत गटातून १४,००० रुपये उचलून मला जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. त्यावर विंडोज १० होते. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढची आवृत्ती या यंत्राला पेलणारी नव्हती. नवा लॅपटॉप घेणे हा विषयच घरात निघणार नव्हता. तेव्हा वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने उबुंटू भरलेला पेनड्राइव्ह दिला आणि बजावले, की सुरू करताना ‘सेफ ग्राफिक्स’ लिहिलेली ओळ निवड.

दिवाळीच्या सुट्टीत, घरी, मी ते काम केले. सारे सुरळीत झाले. ‘यंत्र पुन्हा सुरू करा’ असे आले, मी केले. कंपनीची निशाणी उमटली, विझली, आणि पडदा काळा झाला तो काळाच राहिला.

आमचे चुलते ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, “चालतं मशीन शिकलेल्या माणसानं बंद पाडलं.” बोलले एवढेच, पण लागायचे तिथे लागले. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जाते, त्या घरात पोरीच्या शिक्षणाची परीक्षा विद्यापीठाबाहेरही रोज चालू असते, आणि तिचे परीक्षक असे ओसरीवरच बसलेले असतात. आई काही बोलली नाही. गटाचे सात हप्ते अजून जायचे होते.

आण्णा शिवणकाम करतात. सणाची गर्दी ओसरलेली, त्यामुळे हाताला थोडी सवड होती. ते जवळ येऊन बसले. संगणकातले त्यांना काही कळत नाही; शाळा सातवीपर्यंत. त्यांनी विचारले, “मेलंय, का नुस्तं गप हाय?”

मला वाटते, त्या रात्री विचारलेला खरा प्रश्न हा एवढाच. शिलाई मशीन टाके सोडू लागले की आण्णा मशीन उघडत नाहीत. आधी सुई बदलून बघतात. मग धागा काढून पुन्हा ओवतात. मग बॉबिन. एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठलीने गुण आला ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्ही तसेच करायचे ठरवले. मोबाइलवर वाचायचे मी, आणि ‘आता एवढंच’ म्हणायचे आण्णांनी.

मेले आहे का? कॅप्स लॉकची कळ दाबली. तिच्यावरचा दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. म्हणजे आतला गाभा जागा होता. पडद्यामागचा उजेड गेला असेल का? मोबाइलची बॅटरी तिरकी धरून पाहिली. असे असते तर अंधूक अक्षरे दिसली असती. काही दिसले नाही. पडदाच बिघडला का? पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू केले तर चित्र स्वच्छ. “पडदा शाबूत हाय,” आण्णा म्हणाले. सुई बदलून झाली होती.

आता धागा. यंत्र सुरू होताना एस्केपची कळ दाबली की ‘ग्रब’ नावाची यादी येते. तिथे ‘ई’ दाबले की गाभ्याला दिल्या जाणाऱ्या आज्ञा दिसतात. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी दोन शब्द होते : ‘क्वाएट स्प्लॅश’. पहिल्याचा अर्थ गप्प राहा. दुसऱ्याचा, नुसते चित्र दाखव. मी ते अर्थ सांगितले तसे आण्णा हसले. “मग गपच बसंल की ते! तूच सांगितलंस.” मी सांगितले नव्हते, ते आधीपासूनच तसे असते, सामान्य माणसाला ओळींची भीती वाटू नये म्हणून. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या आम्हालाही हा शब्द कुणी मुद्दाम लिहून दिलेला नसतो, तो आधीचाच असतो. असो.

ते दोन शब्द पुसले आणि एफ १० दाबले. पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि पुन्हा काळोख. आण्णांनी मोबाइलवर चित्रफीत घ्यायला लावली. ती थांबवत थांबवत पाहिली, तर शेवटच्या ओळींत ‘नूव्हो’ हा शब्द होता. नूव्हो म्हणजे चित्रे काढणाऱ्या एका जातीच्या चिपसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेला चालक. चिप बनवणाऱ्याने आतली माहिती खुली केली नव्हती, म्हणून ती कशी वागते ते पाहून पाहून त्यांनी तो रचला. बहुतेक ठिकाणी चालतो. आमच्या चिपशी त्याचे जुळत नव्हते. तो पडद्याचा ताबा घ्यायला जाई, आणि तिथेच सारे अडे.

त्यावर तोडगा एका शब्दाचा : ‘नोमोडसेट’. पडद्याची मांडणी गाभ्याने स्वतः करू नये, आधीची साधी आहे तिच्यावर भागवावे, असा त्याचा आशय. ‘सेफ ग्राफिक्स’ म्हणजे हाच शब्द; पेनड्राइव्हला तो दिलेला होता, पण लॅपटॉपवर बसवलेल्या प्रणालीपर्यंत पोहोचला नव्हता. ओळीच्या शेवटी तो लिहिला. या वेळी ओळी धावून गेल्या आणि माझे नाव विचारणारी चौकट आली. चित्र ओबडधोबड, अक्षरे जाडजूड, पण आले. रात्रीचा दीड वाजला होता. आई झोपलेली नव्हती हे तेव्हा कळले.

हा उपाय त्या एका खेपेपुरताच असतो, आणि कायमचा करावा असाही नाही, कारण त्यात चिपचे बळ वाया जाते. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या इंटरनेटवर ‘अतिरिक्त ड्रायव्हर’मधून चिप बनवणाऱ्याचाच चालक उतरवून घेतला. यंत्र पुन्हा सुरू केले, कोणताही शब्द न जोडता. पडदा उजळला, अक्षरेही नेटकी झाली. चुलत्यांनी डोकावून पाहिले आणि पावसाचा विषय काढला.

‘क्वाएट’ मात्र मी परत लिहू दिला नाही. म्हणजे आण्णांनीच नको म्हटले. ग्रबच्या फाइलमधून तो कायमचा काढला आहे. आता लॅपटॉप सुरू केला की आधी त्या ओळी धावतात. त्यांतली एकही आण्णांना वाचता येत नाही, पण ते मशीनचा पाय थांबवून त्या संपेपर्यंत बघतात. उजेड कमीजास्त करण्याच्या कळा अजून चालत नाहीत. तेवढे नाताळच्या सुट्टीत बघायचे आहे.